चवथीपर्यंत थांबू नको, बाय

तुझ्या सासूबाईंचा उजवा डोळा परवा सकाळी उठल्यापासून अंधुक आहे आणि त्या म्हणतात, गणपतीची चवथ होऊन जाऊ दे, मग बघू. बाय, तू त्यांचं ऐकू नको. दुखत नाही, लाल नाही, म्हणून घरात कुणाला घाई वाटत नाही. मोतीबिंदू असेल असं तू म्हणालीस, पण मोतीबिंदू सावकाश वाढतो. एकाच डोळ्याची नजर रातोरात जाते तेव्हा डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. पडदा सुटला असेल किंवा धमनी बंद झाली असेल, तर एकेक तास मोलाचा.

पडद्यावर धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींवर वेष्टण एकच असतं. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की धमनी कडक होते, शेजारची शीर दाबते, रक्त तुंबतं आणि गुठळी धरते. मग रक्त नि पाणी पडद्यात झिरपतं. ज्या मधल्या जागेने आपण अक्षर वाचतो, माणूस ओळखतो, तिथे सूज आली की समोरच्याचा चेहराच पुसट होतो. मधुमेह, कोलेस्टेरॉल, काचबिंदू, तंबाखू यांनीही धोका वाढतो.

धारगळात 2022 च्या डिसेंबरपासून आयुर्वेद संस्था आहे, जवळ आहे, म्हणून आधी तिथेच जाऊ असं घरात निघेल. त्या उपचारांवर श्रद्धा असू दे, पण अशा नजरेला आधी रेटिनाचा डॉक्टर हवा. आजच म्हापशाला किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, गोमेकॉत, ने. बाहुली मोठी करणारे थेंब घालतील, त्यामुळे परतताना त्यांना एकटं सोडू नको. पडद्याचा ओसीटी स्कॅन काढतील, सूज त्यात स्पष्ट दिसते.

सूज असेल तर बहुधा डोळ्यात इंजेक्शन सांगतील. हे ऐकून सासूबाई घाबरतील, म्हणून तू आधीच समजाव. थेंबांनी डोळा बधिर करतात, बीटाडीनने धुतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात आणि बारीक सुई पांढऱ्या भागातून आत जाते. काही सेकंदांचं काम. नंतर पांढऱ्यावर लाल डाग दिसला तर तो थोड्या दिवसांत जातो. पण दुखणं वाढलं किंवा नजर आणखी गेली, तर त्याच दिवशी परत जायचं. रॅनिबिझुमॅबसारखी ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत, सूज उतरवतात. म्हणून एका इंजेक्शनात भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला जावं लागतं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. मुख्य शीर बंद झाली असेल, तर पुढच्या काही महिन्यांत डोळ्यात नाजूक नव्या वाहिन्या फुटून दाब चढू शकतो, नि तेव्हा डोळाच हातचा जातो. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करायच्या नाहीत आणि चालू असलेल्या बंदही करायच्या नाहीत.

आणि त्यांची बीपीची गोळी? डोकं दुखेल तेव्हाच घेतात ना? ती रोजची कर. पेजेबरोबर सुकी मासळी नि लोणचं रोज नको, त्यात मीठ फार. दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो. रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचायला सांग. रेघ वाकडी दिसली, आकडा पुसट झाला, की लगेच डॉक्टर.

गणपतीची माटोळी बांधायला जावा आहेत, मी आहे. तू आज त्यांना घेऊन नीघ, आणि डॉक्टर काय म्हणाले ते संध्याकाळी मला फोन करून सांग.