बाणाला एक पान पुरतं

बाळांनो, पावसाळ्यात आपण इंदूरहून महूच्या पुढे पाताळपाणीला किंवा जानापावच्या पायथ्याशी गेलो, की सगळ्यांचे डोळे धबधब्याकडे आणि डोंगराकडे लागतात. तुम्ही आधी पायाशी बघा. मुरमाड वाटेच्या कडेला गुडघ्याएवढं झुडूप दिसेल, बारीक जांभळ्या फुलांचं. ही आपली उन्हाळी. संस्कृतात शरपुंखा, आणि शेजारच्या काकूंच्या हिंदीत सरफोंका. माझ्या आजीनं मला तिची ओळख करून दिली, तशीच मी तुम्हाला करून देते.

फूल वाकून बघा, तोडू नका. करंगळीच्या नखावर मावेल एवढंच असतं ते. मागे एक मोठी उभी पाकळी, दोन्ही बाजूंना दोन पंख आणि मधे होडीसारखी मिटलेली जोडी. बटल्याचं फूल आठवा. घडण तीच, फक्त हे चिमुकलं आणि जांभळं. बटला, हरभरा, तूर ही सगळी उन्हाळीची भावंडं. म्हणून तिलाही शेंगा येतात, चपट्या आणि किंचित वाकलेल्या.

पान ओढून बघा. दांडीच्या दोन्ही बाजूंना छोट्या पानांच्या जोड्या असतात आणि टोकाला एकच एकटं. त्यातलं एक घ्या. देठाकडून चिमटीत धरा आणि दुसऱ्या हातानं टोक हलकेच ओढा. पान सरळ तुटत नाही, इंग्रजी ‘व्ही’सारखं तुटतं! त्याच्या शिरा तिरप्या, एकमेकींना समांतर असतात. त्या रेषेनंच ते फाटतं. शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे बाणाची पिसं लावलेली शेपटी. आता हे नाव पाठ करायची गरजच नाही.

तोंडात काही घालू नका. उन्हाळीच्या जातभाईंपैकी काहींच्या रसानं पाण्यातले मासे गुंगतात. घरात कुणी औषधी म्हणून तिचं नाव घेतलं, तरी मुलांनी स्वतः चाखायचं नाही. खेळून झालं की हात धुवायचे.

आणि मुळाला हात लावू नका. उन्हाळी एका वर्षात संपणारी नाही. उन्हानं वरचा भाग सुकला, तरी खाली मूळ टिकून असतं आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतं. त्या मुळांवर बारीक गाठी असतात. गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात, म्हणून ती नापीक जमिनीतही तगते. शेतकरी तिचं हिरवळीचं खत करतात, तेही याचसाठी.

लहानपणी मैत्रिणींना बाण दाखवायचा म्हणून मी एकदा अख्खी फांदी मोडली होती. आजी रागावली नाही. तिनं फांदी माझ्या हातातून घेतली, त्यातलं एकच छोटं पान खुडून माझ्या तळव्यावर ठेवलं आणि म्हणाली, “बाणाला एवढं पुरतं गं.”