एका शब्दाचे चित्र

चित्रकलेच्या तासाला आपण बहुधा समोरची वस्तू काढावयास देतो : तांब्या, पान, झोपडी. त्याने दृष्टी तयार होते. परंतु मुलाच्या मनात साठलेल्या गोष्टीला वाट मिळत नाही. त्यासाठी अधूनमधून पुढील पाठ घेऊन पाहावा.

साहित्य : जाड कोरा कागद, काळी शाई, टाक किंवा बोरू, टीपकागद. खोडरबर नको. शाईची रेघ पुसता येत नाही, हाच या पाठाचा गुण होय. चुकलेल्या रेघेतूनच नवा आकार शोधावा लागतो. रवींद्रनाथ ठाकूर हस्तलिखितातील खोडलेले शब्द रेघांनी जोडीत आणि त्यांतून विलक्षण प्राणी-पक्षी उमटत. त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९३० साली पॅरिसमध्ये भरले. त्याच शहरात १९२४ साली आंद्रे ब्रेतों यांनी अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला होता. स्वप्नात असंबद्ध वस्तू जशा एकत्र येतात तशा त्या कलेतही याव्यात, अशी त्या पंथाची धारणा होती.

पाठाची रीत : फळ्यावर एकच शब्द लिहावा, जसे, 'दार', 'विहीर', 'सावली'. अर्थ सांगू नये, नमुना काढून दाखवू नये. मुलांनी दोन मिनिटे डोळे मिटून बसावे आणि मनात प्रथम जे दिसेल ते काढावे. छायेसाठी जवळजवळ समांतर रेघा ओढाव्यात. अधिक गडद हवे तेथे, पहिल्या रेघा वाळल्यावर त्यांवर आडव्या रेघा घालाव्यात.

येथे माझी एक चूक सांगतो. 'दार' या शब्दावर एका मुलीने उजाड शेतात एकटे, आभाळाएवढे दार काढले होते. त्याला खालून मुळे फुटलेली. कडी हाताच्या फार वर. मी म्हणालो, "बाळ, भिंती काढावयाच्या राहिल्या." तिने निमूटपणे भिंती काढल्या. घर नीटनेटके झाले, आणि चित्र गेले. पुढे कळले, आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीस गेले होते. घराला कुलूप होते, व ती आजीजवळ राहत होती.

तेव्हापासून या पाठात मी दुरुस्ती करीत नाही, गुणही देत नाही. "हे मला सांगशील का?" एवढेच विचारतो. मूल बोलले तर ऐकावे. न बोलले तर कागद जपून ठेवावा. त्याने सांगावयाचे ते सांगितलेलेच असते.