रबराच्या पिळावर उडणारं विमान

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीला रबरावर उडणारं, खऱ्यासारखं दिसणारं विमान बनवायचं आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : पहिल्यांदा पायपर कबसारखं, वर पंख असलेलं विमान निवडा, ते हवेत आपसूक सावरतं. स्पिटफायरसारख्या, खाली पंख असलेल्या लढाऊ विमानाचा मोह तूर्त आवरा. बाल्सा लाकूड हलकंच घ्या. शेपटीकडे गोंद जपून लावा. तिथलं वजन वाढलं की तोल साधायला नाकात त्याहून जास्त माती भरावी लागते. तोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास हवा.

वारा पडलेला असताना, रबर न पिळता, गवतावर हलकेच सोडून पाहा. नाक खुपसलं तर माती काढा, हेलकावे खाल्ले तर घाला. मग थोडेच पीळ द्या. आता नाक वर करून अडखळलं, तर नाकावरच्या पंख्याचा (प्रॉपेलरचा) दांडा किंचित खाली झुकवा. शेपटीला हात लावू नका.