मुलांचे अंतःसुख

काशीक्षेत्राला परंपरेने अनेक नावे दिली आहेत. त्यांपैकी दोन नावे शेजारी ठेवून पाहिली असता मन क्षणभर थबकते. एक नाव आनंदकानन, म्हणजे आनंदाचे वन. आणि दुसरे महाश्मशान. श्मशान वस्तीबाहेर असावे, असा आपल्याकडे सर्वत्र प्रघात आहे. काशीत मात्र मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र हे दोन्ही घाट भरवस्तीला लागून असून तेथे अहोरात्र चिता पेटलेल्या असतात. त्याच गंगेच्या काठी, थोड्याच अंतरावर, मुले पोहावयास शिकतात, पतंग उडवितात आणि सायंकाळी आरती पाहावयास बसतात. ज्या नगरीत मृत्यूचे दर्शन कोणापासून लपविलेले नाही, त्याच नगरीला आनंदवन म्हटले गेले. गृहस्थाश्रमी पालकांनी मनन करावे, असा अर्थ या दोन नावांच्या सहवासात साठविलेला आहे.

आपल्या अपत्याने सुखी असावे, असे कोणत्या मातापित्यांस वाटत नाही? परंतु हे सुख साधण्यासाठी बहुधा एकच मार्ग योजिला जातो. तो म्हणजे मुलाच्या वाटेतील प्रत्येक काटा आपण वेचून ठेवावयाचा. मूल रडले की हाती खाऊ किंवा मोबाइल द्यावयाचा, हरले की स्पर्धेचा निकाल चुकीचा ठरवावयाचा, घरात कोणी निवर्तले की ‘आजोबा गावाला गेले आहेत’ असे सांगावयाचे. असे वाढलेले मूल दुःखी नसते हे खरे. पण ते सुखीही नसते. ते केवळ अद्याप न दुखावलेले असते. पहिला घाव बसताच त्याचा धीर सुटतो, कारण घाव सोसण्याची कला त्याला कोणी शिकविलेलीच नसते. सुख अंतरात रुजविणे आणि दुःख सोसण्याचे बळ देणे ही दोन कामे वेगळी नाहीत, हे गीतेच्या आधाराने पाहावयाचे आहे.

सुखाचे तीन प्रकार

अठराव्या अध्यायातील ३६ ते ३९ या श्लोकांत भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे वाटते व परिणामी अमृतासारखे होते. ते स्वतःच्या बुद्धीच्या प्रसन्नतेतून उपजते. राजस सुख विषय आणि इंद्रिये यांच्या संयोगातून येते. ते आरंभी अमृत आणि शेवटी विष. तामस सुख निद्रा, आळस आणि प्रमाद यांतले. ते आरंभीही मोहात टाकते व शेवटीही.

मुलांच्या जीवनात हे तिन्ही प्रकार रोज दिसतात. सायकल शिकणाऱ्या मुलीचे गुडघे फुटतात, ती रडते, पुन्हा बसते, आणि एके दिवशी कोणी धरलेले नसताना अंगणाला फेरी मारते. त्या क्षणी तिच्या मुखावर जी प्रसन्नता दिसते, ती कोणत्याही खेळण्याने विकत आणता येत नाही. वस्तूपासून मिळालेले सुख वस्तूबरोबर जाते. सामर्थ्यापासून मिळालेले सुख मुलाजवळ राहते. ३६ व्या श्लोकात भगवंतांनी या सुखाचा मार्गही सांगितला आहे. ते अभ्यासाने, म्हणजे पुनःपुन्हा केलेल्या प्रयत्नाने रुचू लागते आणि दुःखाच्या अंतापर्यंत नेते. पालकाने आरंभीचे विष काढून टाकले तर परिणामीचे अमृतही त्याबरोबर जाते. त्याचे कर्तव्य एवढेच की, ते विष मुलाला एकट्याने प्यावे लागू नये.

प्रथम ऐकून घेणे

दुःखी जीवाशी कसे वागावे, याचा पाठ गीतेच्या उपदेशाइतकाच तिच्या रचनेतही आहे. पहिल्या अध्यायाचे श्लोक ४७. त्यांत भगवंतांचे बोलणे केवळ एका वाक्याचे आहे. जमलेले हे कौरव पाहा, एवढेच ते पार्थाला सांगतात. पुढे अर्जुन आपल्या देहाचा कंप, मनाची भ्रांती आणि कुलक्षयाची भीती सुमारे १९ श्लोकांत बोलून दाखवितो. भगवंत मध्ये एकदाही त्याला अडवीत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत ते त्याला क्लैब्य टाकावयास सांगतात. परंतु तेवढ्याने विषाद संपत नाही. अर्जुन पुन्हा बोलतो, शिष्य म्हणून शरण येतो आणि ‘लढणार नाही’ असे सांगून स्तब्ध होतो. त्यानंतरच, जणू स्मित करीत, भगवंत खऱ्या उपदेशास प्रारंभ करतात. सर्व सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात निर्णय ते अर्जुनावरच सोपवितात: याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर.

ऐकणे, समजाविणे आणि निर्णय सोपविणे, असा हा क्रम आहे. घरोघरी तो उलटा होतो. सहामाहीत गणितात अनुत्तीर्ण झालेला मुलगा घरी येतो. त्याने तोंड उघडण्यापूर्वीच वडील म्हणतात, “तुला आम्ही काय कमी पडू दिले?” आई म्हणते, “आता चार लोकांत काय सांगायचे?” मुलाचा विषाद आत राहतो आणि त्यावर अपराधाचे ओझे चढते. पुढच्या वेळी तो गुणपत्रिका लपवितो. त्यापुढच्या वेळी मन लपवितो. याऐवजी वडिलांनी जवळ बसवून, “बाळ, काय झाले ते सगळे सांग, मी ऐकतो आहे,” एवढेच म्हटले आणि खरोखर ऐकले, तर अर्धे दुःख बोलण्यातच उतरते. उरलेल्या अर्ध्यावर उपाय दोघांनी मिळून शोधावा. आणि उद्यापासून काय करावयाचे, हे शक्य तोवर मुलाच्याच मुखातून यावे.

आधुनिक अभ्यासकांचा अनुभवही याला पुष्टी देतो. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह, पालकांचे आजार अशा बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले मोठेपणी समर्थ आणि मायाळू माणसे झाली. त्यांना तारणाऱ्या गोष्टींत एक ठळकपणे दिसली: निदान एका मोठ्या माणसाशी जडलेले विश्वासाचे नाते. हे माणूस नेहमी आईबापच होते असे नाही. कित्येकदा ती आजी होती, कित्येकदा शिक्षक. घरातील वडीलधाऱ्यांनी आपले हे सामर्थ्य ओळखावे.

काशीतील संथा

अभ्यासाने सुख कसे रुजते, हे पाहावयाचे असल्यास काशीतील वेदपाठशाळांकडे वळावे. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, रामघाट या परिसरात मराठी वैदिक घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तेथील अध्यापनाची पद्धती संथेची. गुरूंनी चरण म्हणावा आणि शिष्यांनी तो पुनःपुन्हा म्हणावा. स्वर चुकला की गुरूंनी तेथेच थांबवावे, शुद्ध म्हणून दाखवावे आणि शिष्याने पुन्हा म्हणावे. जटापाठात पहिले व दुसरे पद सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ. घनपाठात याच रीतीने तिसरे पदही गुंफले जाते. मागे गेल्यावाचून पुढे जाताच येत नाही, अशीच या पाठांची घडण आहे. त्यामुळे चूक ही लाजेची गोष्ट राहत नाही. ती संथेतील एक पायरी होते.

२०२५ साली महाराष्ट्रातून आलेल्या एका १९ वर्षांच्या वैदिकाने काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २,००० मंत्रांचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले. हे वृत्त वाचून सर्वांस धन्यता वाटली. मात्र त्यामागे ज्या असंख्य संथा आहेत, त्यांतील चुकांची गणना कोणत्याही वृत्तपत्रात आली नाही. मुलांना सांगावयाचे ते नेमके हेच. कीर्ती डोळ्यांना दिसते. सुख मात्र त्या न दिसणाऱ्या संथांत साठत जाते.

तुलनेचा काटा

परंतु हेच उदाहरण हाती घेऊन एखादा पिता आपल्या मुलास म्हणेल, “बघ, तो पन्नास दिवसांत एवढे करतो, आणि तुला एक कविता पाठ होत नाही!” तर अमृताचे पुन्हा विष होईल. स्वधर्म उणा भासला तरी तोच श्रेयस्कर, असे गीता तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन अध्यायांत सांगते. बालकाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, त्याचे माप त्याच्याच कालच्या प्रयत्नाने घ्यावे, शेजाऱ्याच्या मुलाने नव्हे.

काशीतच, वरुणा आणि गंगा यांच्या संगमानजीक राजघाटावर, १९३४ साली जे. कृष्णमूर्ती यांच्या प्रेरणेने एक विद्यालय सुरू झाले. कृष्णमूर्ती ग्रंथप्रामाण्य मानीत नसत; त्यांचा मार्ग गीतेच्या वाटेने जात नाही. तथापि तुलनेतून भय उपजते आणि भयभीत बुद्धी शिकू शकत नाही, हे त्यांनी तेथील विद्यार्थ्यांना तळमळीने सांगितले. १९४२ च्या भूमिगत लढ्यातील अग्रणी, अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन यांनी पुढे राजकारण सोडले आणि कृष्णमूर्तींच्या सहवासात याच शिक्षणकार्याशी नाते जोडले. १९९२ साली वाराणसीतच त्यांचे देहावसान झाले. राज्यसत्तेशी झुंजलेल्या पुरुषाला मुलांच्या मनातील भय हाही झुंजण्याजोगा शत्रू वाटावा, यात पालकांनी घ्यावयाचा बोध आहे.

दुःखाची ओळख

शीतोष्ण व सुखदुःखे येतात आणि जातात. ती अनित्य आहेत, ती सोस, असे दुसऱ्या अध्यायाच्या १४ व्या श्लोकात भगवंत सांगतात. ही तितिक्षा म्हणजे अश्रू गिळणे नव्हे. ‘मुलगा आहेस, रडतोस काय?’ या वाक्याने सोसण्याचे बळ येत नाही. केवळ रडण्याची जागा बदलते. घरात मृत्यू घडला असता मुलाला सत्य सांगावे, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. “आजोबा आता परत येणार नाहीत. आपल्या सर्वांनाच वाईट वाटते आहे. रडू आले तर माझ्याजवळ ये.” गावाला गेलेले आजोबा परत येत नाहीत, हे मुलाला कळावयाचे ते कळतेच, आणि मग दुःखाबरोबर आपल्या माणसांवरील विश्वासही जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलाचा खिन्नपणा आठवडे न आठवडे ओसरेना, अन्न व झोप तुटली, किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द त्याच्या तोंडून आले, तर उपदेश बाजूस ठेवून त्वरित वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाची २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. युक्त आहार, विहार व निद्रा यांचे महत्त्व सांगणारी गीता उपचाराच्या आड कधीच येत नाही.

आनंदवन आणि महाश्मशान ही एकाच क्षेत्राची दोन नावे आहेत. ज्या घरात मुलाला मोकळेपणाने रडता येते, हरता येते आणि पुन्हा उभे राहता येते, त्या घरालाही पहिले नाव शोभेल.

मननासाठी

१. गेल्या सप्ताहात मुलाचे बोलणे शेवटपर्यंत, मध्ये न अडविता, किती वेळा ऐकले गेले?

२. मुलाला करता येण्याजोगे असे कोणते काम पालक अद्याप स्वतः करून टाकतात?

३. घरात कोणाच्या मुलाचे नाव तुलनेसाठी वारंवार घेतले जाते?

४. संकटाच्या क्षणी मूल प्रथम कोणाकडे धाव घेईल? ते नाव घरातील असावे, यासाठी आज काय करता येईल?