आकड्यांच्या पद्धती : एक पडताळणी

आमच्या लहानपणी वस्तीत एक काका होते. रोज आलेला आकडा ते वहीत उतरवून घेत. महिनाअखेरीस घरात धान्य नसे. वही मात्र भरत असे. "पद्धत बरोबर आहे, थोडक्यात हुकलो," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. त्या वाक्याची पडताळणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

मुंबईत १९६०च्या दशकात मटका फोफावला. १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. एक बेकायदा, दुसरी कायदेशीर. परंतु आकडा ओळखण्याच्या पद्धती दोहोंकडे सारख्याच. कोणी बरेच दिवस न आलेला अंक धरतो. कोणी वारंवार येणारा. कोणी आदल्या अंकात पाच मिळवून 'कट' काढतो. कोणी स्वप्नावर किंवा जन्मतारखेवर विसंबतो. पहिल्या दोन पद्धती परस्परांच्या विरुद्ध आहेत, तरीही दोहोंचे अनुयायी आपापल्या यशाच्या कथा सांगतात.

ही कसोटी घरी घेता येते. ० ते ९ अंकांच्या दहा सारख्या चिठ्ठ्या मडक्यात टाकाव्यात. प्रत्येक सोडतीपूर्वी प्रत्येक पद्धतीचा अंक लिहून ठेवावा, चिठ्ठी काढावी, पुन्हा आत टाकावी. असे शंभर वेळा करावे. पद्धत कोणतीही असो, साधारण दहा वेळा अंक जुळेल. चार ते सोळा वेळा जुळणे ही निव्वळ योगायोगाची मर्यादा. कारण मडक्याला मागची चिठ्ठी आठवत नाही.

आता हिशेब पाहू. एकेरी अंकाला एका रुपयाला नऊ रुपये हा मटक्याचा रूढ भाव. दहा-दहा रुपये शंभर वेळा लावले तर हजार रुपये जातात, सरासरी नऊशे परत येतात. तूट पद्धतीत नाही, भावातच आहे.

तरीही 'अमक्याची पद्धत लागते' असे का वाटते? वीस जणांनी वीस वेगळ्या पद्धती शंभर वेळा वापरल्या, तर त्यांपैकी एखादी केवळ योगायोगाने पंधरा किंवा अधिक वेळा जुळण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाहून अधिक असते. बोलबाला तिचाच होतो. उरलेल्या एकोणीस जणांचे कोणी ऐकत नाही. तीच पद्धत पुढच्या शंभर सोडतींवर तपासावी. ती पुन्हा दहाच्या आसपास येईल.

अंकनिवडीने एकच गोष्ट बदलू शकते : बक्षिसाचे वाटेकरी. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत ४९ पैकी ६ अंक निवडायचे असत. अशा जोड्या १,३९,८३,८१६ होतात आणि प्रत्येकीची संधी समान असते. १४ जानेवारी १९९५ रोजी तेथे पहिले बक्षीस १३३ तिकिटांत वाटले गेले. अनेकांनी तेच अंक निवडले होते, म्हणून प्रत्येकाचा वाटा आक्रसला.

इतिहासाचा विद्यार्थी सोयीचीच साधने वेचू लागला तर त्याचा निष्कर्ष खोटा ठरतो. काकांच्या वहीत आलेले सर्व आकडे होते. लावलेले पैसे मात्र कोठेच नव्हते. सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धनहानी हा त्यांतील एक. पालकांना विनंती एवढीच : कोणी खात्रीची पद्धत सांगू लागला, तर त्याच्याकडे प्रथम लावलेल्या प्रत्येक रुपयाची वही मागावी. त्या वहीत मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे सापडतील.