फेलूदा, जटायू आणि बुरुड राजाचा कोट

आपल्या ग्रंथालयातील कोणते पुस्तक किती वाचले गेले, हे नोंदवहीवरून ठरवू नये; पुस्तकाची शिवण पाहावी. गेल्या काही वर्षांत सर्वांत अधिक वेळा डिंक लावावा लागला तो भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ला आणि अशोक जैन यांनी मराठीत आणलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाला. इतिहासाच्या शिक्षकाने रहस्यकथांवर लिहावे, याचे काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. त्यांच्यापैकी कित्येकांकडून अशी पुस्तके मी अभ्यासाच्या तासाला काढून घेतली आहेत. ती सारी रात्री वाचूनच परत केली, हेही आज सांगून टाकतो.

मराठीला हा साहित्यप्रकार नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी (त्यांच्या नावातच आपला अर्नाळा आहे) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू यांनी वाचनाची गोडी लावलेली माणसे आजही भेटतात. समीक्षकांनी या पुस्तकांकडे पाहून नाक मुरडले खरे. परंतु ज्या घरांत प्रथमच अक्षर शिरत होते, तेथे समीक्षकांची पुस्तके पोहोचलीच नव्हती.

फेलूदाची पहिली कथा १९६५ची. तर्ककठोर आणि मितभाषी असा प्रदोष मित्र ऊर्फ फेलूदा, आणि कथा सांगणारा त्याचा चुलतभाऊ तोपशे. या दोघांवर मालिका चाललीच असती. पण १९७१च्या ‘सोनार केल्ला’मध्ये आगगाडीच्या डब्यात लालमोहन गांगुली अवतरले आणि तिला खरा जीव आला. बुटके, टकले, भित्रे आणि ‘जटायू’ या टोपणनावाने भरमसाठ खपणाऱ्या थरारकथा लिहिणारे हे गृहस्थ आपल्या पुस्तकांत बिनधास्त चुका करतात. उंट पाणी कसे साठवतो, याविषयीची त्यांची चूक फेलूदा पहिल्याच भेटीत दाखवून देतो. तरीही या विजोड जोडीत एकमेकांविषयी तुच्छता नाही. जटायू चुकतात, चूक मान्य करतात आणि वाचकाला जे विचारायला लाज वाटते ते निःसंकोच विचारतात. वर्गात असा एक तरी जटायू असावा, असे मला नेहमी वाटते. (‘सोनार केल्ला’तील पूर्वजन्माची गोष्ट आपल्या विवेकाला पटणारी नाही. मुलांनीही ती हरकत घेतली, आणि मला बरे वाटले.)

या हलक्याफुलक्या पुस्तकांकडे मी गंभीरपणे का पाहू लागलो, त्यामागे एक आठवण आहे. माझ्या शालेय वयात मी ज्या वसतिगृहात राहत असे, तेथे एकदा एका मुलाचे घड्याळ हरवले. तपास पाच मिनिटांत आटोपला. पारधी वस्तीवरून आलेल्या एका मुलाची पेटी सर्वांसमक्ष उघडण्यात आली. पेटीत दोन सदरे, एक वही आणि भाकरीचे फडके निघाले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरी गेला, तो परत आला नाही. घड्याळ आठवड्याने न्हाणीघराच्या कोनाड्यात, साबणाच्या वडीमागे सापडले. शेवटी तेथे कोण गेले होते, हे कोणी विचारलेच नव्हते. मीही विचारले नव्हते; पेटीभोवती उभ्या असलेल्या मुलांत मीही होतो.

पुढे इतिहासाचा अभ्यास करताना कळले की, त्या पाच मिनिटांच्या तपासामागे एक जुना कायदा उभा होता. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ची. म्हणजे बुटाच्या चिखलावरून गुन्हेगार ओळखणारा नायक ज्या साम्राज्याला प्रिय झाला, त्याच साम्राज्यात आपल्याकडे गुन्हेगार ओळखण्यासाठी जमातीचे नाव पुरेसे होते. कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७मध्ये आले, ते ज्यांनी वाचले त्यांना हे वेगळे सांगावयास नको. चांगल्या रहस्यकथेत ज्याच्यावर प्रथम बोट रोखले जाते तो बहुधा निर्दोष असतो. त्या वसतिगृहात फेलूदा कोणी वाचला असता तर, असे मनात येऊन जाते.

विजोड शोधकांची एक खरी कथा आपल्या शाळेपासून फार दूर घडलेली नाही. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर तयार होत असताना त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्या साहाय्याला पंडित भगवानलाल इंद्रजी होते. एक सनदी इंग्रज अधिकारी. दुसरे जुनागढचे, विद्यापीठाची पदवी नसलेले, गुजरातीत लेख लिहिणारे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर शिलालेख उतरवीत फिरलेले. सोपाऱ्यातील एका टेकाडाला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. पंडितजींनी ऐकीव कथा ऐकून घेतली आणि टेकाडाचा आकार पाहिला. एप्रिल १८८२मध्ये ते खोदले तेव्हा कोट नव्हे, विटांचा स्तूप निघाला. आत दगडी पेटी होती. तिच्यात मैत्रेयासह आठ बुद्धमूर्ती वर्तुळाकार मांडलेल्या होत्या आणि मधोमध एकात एक बसविलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक होते. सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे निघाले. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींनी मानले.

सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुटका भाग मिळाला. अर्धीमुर्धी अक्षरे त्यांना ओळखता आली, कारण हाच लेख गिरनारच्या शिळेवर पूर्ण आहे आणि ती शिळा त्यांच्या जन्मगावची. तिच्यावरच ते पोरवयात ब्राह्मी लिपी वाचावयास शिकले होते. नवव्या लेखाचा तुकडा सापडण्यास १९५६ साल उजाडावे लागले, तोही येथल्याच भुईगावजवळ. आपल्या समाजाला ते वर्ष दुसऱ्या कारणाने पाठ आहे.

बाबासाहेबांनी १९४८च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपली पद्धत सांगितली आहे. जेथे साखळीचे दुवे तुटलेले आहेत तेथे विखुरलेल्या हाडांवरून नष्ट झालेला प्राणी उभा करणाऱ्या शास्त्रज्ञाप्रमाणे अनुमान करावे लागते, हा तिचा आशय. आमच्या नववीच्या वर्गात ही प्रस्तावना मी फेलूदानंतर घेतो. तो क्रम मुलांना मानवतो.

यंदा स्तूपावर सहल नेली तेव्हा मी त्यांच्यापुढे एक कोडे ठेवले. त्या दगडी पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते, म्हणजे काळ दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. परंतु पेटीतील मूर्ती अभ्यासक आठव्या-नवव्या शतकातील मानतात. एकाच पेटीत सहा शतकांचे अंतर कसे? एक मुलगा म्हणाला, नाणे जुने असू शकते, माझ्या आजीकडेही जुनी नाणी आहेत. एक मुलगी म्हणाली, पेटी मध्येच कोणीतरी उघडली असेल, मूर्ती ठेवल्या असतील आणि पुन्हा नीट बंद केली असेल. मागून तिसऱ्याने विचारले, “सर, पण उघडणारा चोर होता की भिक्खू?”

“चोर असता तर सोने ठेवले असते का?” ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. परतीच्या बसमध्ये ती दोघे वसईपर्यंत भांडत होती.