तू सध्या काय वाचतोस?

दोन शेतकरी बाजाराच्या वाटेवर भेटले म्हणजे ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ असे एकमेकांस विचारतात. दोन प्रवासी भेटले म्हणजे ‘कोठून आलात?’ असे विचारतात. त्याचप्रमाणे दोन वाचक एकत्र आले, की त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो : ‘सध्या काय वाचता?’ वरवर पाहता हा प्रश्न अगदी साधा आहे. परंतु मुलांनो, त्याचे उत्तर नीट देणे तितकेसे सोपे नाही. शाळेत मी हा प्रश्न पुष्कळ मुलामुलींना विचारला आहे. बहुतेकांचे उत्तर दोन शब्दांत आटोपते. पुस्तकाचे नाव सांगायचे आणि पुढे ‘छान आहे’ असे म्हणायचे. आंबा छान, सहल छान, नवी चप्पल छान आणि पुस्तकही छान! ऐकणाऱ्याला यातून काय कळावे? ते पुस्तक आपण वाचावयास घ्यावे की नाही, हे त्याला या एका शब्दावरून ठरविता येत नाही. साहजिकच पुस्तक कपाटात राहते आणि तो दुसऱ्या उद्योगाला लागतो.

पुस्तक कपाटात राहणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे भारतातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम प्रसिद्ध केले. त्यांपैकी दोन नियमांचा आशय असा, की वाचकाला त्याच्या उपयोगाचे पुस्तक मिळाले पाहिजे, आणि पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. यातील पहिली गोष्ट कोणालाही चटकन पटते. दुसरीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. पुस्तकाला पाय नसतात. आपला वाचक सातवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसला आहे हे त्याला ठाऊक असले, तरी ते उठून त्याच्याकडे जाऊ शकत नाही. त्या दोघांची गाठ घालून देणारे कोणीतरी मध्ये लागते. मोठ्या ग्रंथालयात हे काम ग्रंथपाल करतो. तुमच्या वर्गात ते तुम्हांलाच करावे लागेल.

आपण वाचलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचवावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. चातुर्मासात गावोगावी देवळात पोथी लागत असे, आणि काही गावांत अजूनही लागते. श्रीधर कवीचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ एक जण वाची आणि अक्षरओळख नसलेली पन्नास माणसे ऐकत. सांगणारा सांगता सांगता थांबे, अर्थ उलगडून दाखवी, एखादी म्हातारी मध्येच शंका विचारी. म्हणजे पोथी एकाच्या हातात असली, तरी वाचन सर्वांचे होई. पुढे छापखाने आले आणि प्रत्येकाने आपापले पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसण्याची सोय झाली. तरीही बोलणे थांबले नाही. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात त्यांची ‘उषःकाल’ ही शिवकालावरील कादंबरी तुकड्यातुकड्यांनी येत असे. पुढचा भाग हाती पडेपर्यंत वाचकाला थांबणे भाग होते. आणि थांबून राहिलेला वाचक शेजाऱ्याजवळ बोलल्याशिवाय कसा राहील?

अलीकडच्या काळातले उदाहरण हवे असेल, तर वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ घ्या. हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेतील एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. तो गुलामगिरीत जन्मला आणि पुढे टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेत राहून त्याने कसदारपणा गमावलेल्या जमिनींचा आणि भुईमुगाचा अभ्यास केला. दूरदेशीच्या या माणसाचे नाव मराठी घरांतून कोणाला परिचित असणार? तरीही या पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिल्या. ज्याने वाचले त्याने ते दुसऱ्याला वाचावयास दिले; शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितले, थोरल्या भावंडांनी धाकट्यांच्या हाती ठेवले. माझ्याकडील प्रत किती हातांतून फिरली याची गणती नाही. तिचे मलपृष्ठ गळून गेले आहे, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुस्तक दुसऱ्याला सांगायचे म्हणजे नेमके काय सांगायचे? व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी तुम्ही नुकतीच वाचून संपविली आहे, असे समजा. मित्राने विचारले, ‘कशी आहे?’ एक मुलगा उत्तर देईल, ‘फार छान आहे. एका मास्तरची गोष्ट आहे. नक्की वाच.’ दुसरा एखादा सबंध कथानक सांगावयास बसेल. मास्तर प्रथम कोठे गेला, नंतर कोण भेटले, शेवटी काय झाले. तो सांगून थांबेल तेव्हा ऐकणाऱ्याला पुस्तक वाचण्याचे कारणच उरणार नाही. तिसरी एक मुलगी मात्र असे सांगेल :

‘माणदेशातली एक लहानशी धनगरवस्ती आहे. तिथे एक अगदी तरुण मास्तर येतो. शाळा आहे, पण शाळेत मूलच नाही. कारण मुले मेंढरांमागे गेलेली असतात. मग तो ती मुले कशी जमवितो, हे वाचताना मला मजा वाटली. कारभारी नावाचा एक म्हातारा आहे, तो मला आमच्या आजोबांसारखा वाटला. सुरुवातीला काही शब्द अडले, कारण माणसे त्यांच्या बोलीत बोलतात. पंधरावीस पाने धीर धर, मग अडत नाही. शेवट मी सांगत नाही. तो वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.’

या मुलीने काय काय केले ते पाहा. तिने जागा सांगितली, माणसे सांगितली, आपल्याला काय रुचले ते सांगितले. जेथे अडले तेही तिने लपविले नाही. शेवट राखून ठेवला, परंतु त्याचा आपल्या मनावर काय परिणाम झाला तेवढे कळविले. हे सारे सांगावयास एक मिनिटही लागले नसेल. तरीपण ऐकणाऱ्याला आता ठरविता येईल. ज्याला गावाकडच्या गोष्टी आवडतात तो पुस्तक मागून घेईल. ज्याला साहसाच्या गोष्टी हव्यात तो म्हणेल, ‘मला नंतर दे.’ तेही योग्यच.

अडल्याची कबुली देण्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. न वाचलेले पुस्तक वाचले असे सांगण्याचा मोह मोठ्या माणसांनाही होतो. चार जण एखाद्या ग्रंथाची वाहवा करीत असले, की पाचव्याला मागे राहणे नको वाटते. परंतु मित्राला पुस्तक सुचविणे म्हणजे त्याला वाट सांगणे आहे. आपण त्या वाटेने गेलोच नसू, तर ‘पुढे विहीर आहे’ असे सांगू नये. तहानेलेला माणूस आपल्या शब्दावर विसंबून चालू लागतो. पुस्तक अर्धे वाचले असेल तर ‘अर्धे वाचले आहे’ म्हणावे. कंटाळा येऊन सोडले असेल, तर कोणत्या पानावर सोडले ते सांगावे. एखाद्याने दोनतीन पुस्तकांविषयी असे खरे सांगितले, की त्याच्या चौथ्या शिफारशीला वर्गात वजन येते.

सांगण्याइतकेच महत्त्व समोरच्याला ओळखण्याला आहे. आपल्याला अत्यंत आवडलेले पुस्तक सर्वांनाच आवडेल, ही समजूत चुकीची होय. काही मुलांना न. धों. ताम्हनकरांचा गोट्या जवळचा वाटतो, काहींना भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या करामती हव्या असतात. काहींना तर गोष्ट नकोच असते. पक्ष्यांची घरटी, ग्रह-तारे, यंत्रे यांची माहिती हवी असते. ‘याला वाचनाची गोडीच नाही’ असे ज्याच्याविषयी आपण म्हणतो, त्याच्या हाती पुष्कळदा त्याचे पुस्तक आलेलेच नसते. उलट नको ते पुस्तक आग्रहाने माथी मारले, तर दहाव्या पानावर तो ते मिटतो आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षे कोणत्याच पुस्तकाला हात लावीत नाही. हे नुकसान फार मोठे आहे, आणि दिसून न येणारे आहे.

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. त्याचे वडील रस्त्याच्या कामावर रोलर चालवीत. सुटीत तोही त्यांच्याबरोबर जाई. खडी किती जाडीची घालतात, डांबर कसे तापवितात, चढावर रस्त्याला वळण का देतात, हे तो तासन्‌तास सांगे. परंतु मराठीच्या पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक त्याने उघडले नव्हते. त्याच्या वर्गातील एका मुलीने हे हेरले आणि तिच्या घरचे ‘रारंग ढांग’ त्याला आणून दिले. प्रभाकर पेंढारकर यांची ही १९८१ सालची कादंबरी. हिमालयात उभ्या कड्यांतून रस्ता काढणाऱ्या माणसांची ती कथा आहे. ढांग म्हणजे असा सरळ उभा कडा. ती देताना मुलगी एवढेच म्हणाली, ‘तुझ्या बाबांच्या कामासारखे काम आहे, पण बर्फात.’ त्याला पुस्तक संपवावयास सहा आठवडे लागले. परत देताना तो सुरुंगांविषयी भरभरून बोलला. मग थोडे थांबून म्हणाला, ‘रस्ता बांधताना माणसे जातात, हे बाबांनी मला कधी सांगितले नाही.’ त्या संध्याकाळी त्याने वडिलांना काय विचारले, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वडील स्वतः शाळेत आले आणि ते पुस्तक त्यांनी वाचावयास मागितले.

दोन वाचकांचे एकमत झालेच पाहिजे असे नाही. किंबहुना एकमत झाले नाही, की गप्पा अधिक रंगतात. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या कादंबरीचा ‘चौघीजणी’ हा अनुवाद शान्ता शेळके यांनी केला आहे. त्यातील सर्वांत धाकटी बहीण रागाच्या भरात आपल्या लेखिका होऊ पाहणाऱ्या बहिणीचे हस्तलिखित जाळून टाकते. पुढे त्यांचा समेट होतो. माझ्या वर्गातील दोन मैत्रिणींचा यावरून मोठा वाद झाला. एक म्हणे, ‘बहिणीपेक्षा वही मोठी नाही, क्षमा केली हेच बरोबर.’ दुसरी म्हणे, ‘क्षमा केली म्हणून वही परत येते का?’ दोघींनीही आपले म्हणणे सिद्ध करण्याकरिता तो भाग पुन्हा वाचून काढला. तास संपला तरी वाद संपला नव्हता. त्यांचे ऐकून आणखी चार मुलींनी पुस्तकासाठी नावे नोंदविली, आणि दोन मुलांनीही. मुलींचे पुस्तक म्हणून ती प्रथम दूर राहिली होती.

पुस्तकांची ही देवघेव मोठी माणसेही हौसेने करतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते. काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे जाते आणि त्यांची पेटी इकडे येते. सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले आहे. तेथे गावकऱ्यांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली. कोणीही जावे, बसावे आणि वाचावे.

दुसऱ्याचे पुस्तक आणले, की त्याला प्रथम कव्हर घालावे. पानाचा कोपरा दुमडू नये; खुणेसाठी कागदाची पट्टी पुरते. जेवताना वाचू नये, कारण भाजीच्या डागावरून पुढच्या दहा वाचकांना आपला त्या दिवसाचा बेत कळतो. आणि ठरल्या दिवशी पुस्तक परत करावे. मागितल्यावर परत करणे निराळे आणि न मागता परत करणे निराळे.

आमच्या वर्गात या सर्व कामासाठी आम्ही एक लांबट वही ठेवली होती. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव, लेखक आणि ते कोणाकडे आहे याची नोंद. उजवे पान मोकळे. पुस्तक परत करताना ज्याने त्याने तेथे दोनतीन ओळी लिहावयाच्या. ‘छान’ हा शब्द वापरण्यास मनाई होती. सुरुवातीला मुले अडखळली. ‘फार छान’ चालेल का, असेही एकाने विचारले! हळूहळू मात्र ती पाने भरू लागली. कोणी लिहिले, ‘भूक लागली असताना वाचू नये, यात सारखे खाण्याचे वर्णन आहे.’ कोणी लिहिले, ‘आईला वाचून दाखविले, तिला माझ्याहून जास्त आवडले.’ एका जाड चरित्राच्या समोरचे पान बरेच दिवस कोरे होते. अखेर एकाने लिहिले, ‘मला आवडले नाही. पण तुरुंगातला भाग दोनदा वाचला.’ त्याच्या खाली, निराळ्या शाईत आणि निराळ्या अक्षरात, दुसऱ्याच दिवशी एक ओळ उमटली : ‘मग ते मला दे.’